पांढऱ्या रश्श्यातला केस

स्वप्नाली,

मी सातच्या एसटीनं गारगोटीला चाललेय, तुझ्या माहेरी. दूध तापवून ठेवलंय, पोराचा डबा भरलाय.

वाटीत तेल कोमट करून झाकलंय. बोटांनी जिरव, नखं लावू नको, आणि तासाभरानं शिकेकाईनं धू. ओल्या केसांत फणी घालू नको म्हणून हजारदा सांगितलं, ऐकशील तर शपथ. पाऊस सरताना सगळ्यांचेच केस गळत्यात, दिवाळीपतोर थांबत्यात. त्यापायी पार्लरात जाऊन कंबरेएवढी वेणी कापायची गरज न्हाय.

पर तू गळतीपायी कापत न्हाईस, एवढं मला कळतंय. रविवारी तुझी आई जेवायला बसलेली, पांढऱ्या रश्श्यात केस निघाला आणि मी तुझ्यावर तोंड सोडलं. "केस बांधायला आईनं शिकवलं न्हाय व्हय?" म्हटलं. विहीणबाई अर्धी भाकरी ताटात ठेवून उठल्या.

केस तांबडा होता. ह्या घरात डोक्याला मेंदी मीच लावते. मला तवाच दिसलं होतं. तुलाबी दिसलं होतं, तरी तू गप बसलीस. चार दिवस माझं तोंड उघडंना. दमले बघ आता.

तुझ्या आईला माझ्याच तोंडानं सांगते. त्यांनी वाढलं तर जेवीन, न्हायतर उपाशी परत येईन. तवर वेणीला कात्री लावू द्यायची न्हाय.

तुझी सासू