खिळ्यावरचा बिल्ला

पुणे, ५ फेब्रुवारी १९८६

आईस, तुझ्या श्रीपतचा लांबूनच जयभीम.

मी बरा हाय. हाताची थरथर थांबली, भाकर पचते. गर्दच्या नशेपासून सुटलास असं डॉक्टर अजून म्हणत नायत, पण झोप लागते.

इथं दवाखान्यात रोज सकाळी ताप बघतात. एकदा पण आला नाय. मग तू माथेरानच्या हमालांच्या मुकादमाला दर खेपेला माझा कुठला ताप सांगायचीस गं? आणि त्याला ते पटायचं तरी कसं?

काल नर्सबाईंनी विचारलं, "तू गर्द ओढून पडायचास, तेव्हा तुझी हमाली कोण करायचं?"

मी म्हणालो, आई. माझा हमालीचा बिल्ला लावून ती पाव्हण्यांच्या पेट्या डोक्यावरनं हॉटेलात न्यायची.

त्या म्हणाल्या, "मग तुला उठायची गरजच काय होती?"

तवापासून सारखं मनात येतं, चढावर तू पेटी कुठं टेकवायचीस? मान अजून दुखते का?

रविवारी घरी सोडतील. बिल्ला घरातल्या खिळ्यालाच असू दे. एखाद्या सकाळी मी उठलो नाय, तर पाव्हण्यांची पेटी स्टेशनातच पडू दे.

तेवढं जमंल का गं तुला?

तुझा,
श्रीपत