यानात शिरलेले फुंकरबुवा

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (खरं सांग. "बरा आहे" हे तू मोडक्या पायावर उभी राहूनही म्हणशील.) मी मजेत आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

तुला माहीतच आहे, मी त्या अंतराळयानाच्या मालिकेचे संवाद लिहितो. यान बिघडतं, यान दुरुस्त होतं, एवढंच आमचं कथानक. ते दुरुस्त कसं होतं हे विज्ञानाचे सल्लागार कळवतात, पण त्यांच्यासाठी थांबलो तर चित्रीकरण बोंबलेल. म्हणून त्या जागी काहीतरी लिहून ठेवायचं आणि मागाहून बदलायचं, अशी आमची पद्धत. बाकीचे लेखक फुल्या मारतात. मी लिहितो, "हे फक्त फुंकरबुवाच जाणोत." (हो, तुझ्याच गोष्टीतले जादूगार फुंकरबुवा. पोटापर्यंत दाढी, टोकदार टोपी, आणि एक फुंकर मारली की डोंगरसुद्धा बाजूला सरकतो ते!)

तर गेल्या आठवड्यात सल्लागार तापाने आडवे झाले आणि बदलायचं राहून गेलं. आमचे कप्तान भारी गंभीर नट. कागदावर असेल ते छातीवर हात ठेवून म्हणणार. इंजिन बंद, यान थेट सूर्याकडे निघालेलं, आणि हे गृहस्थ डोळ्यांत पाणी आणून फुंकरबुवांचं नाव घेतायत! दिग्दर्शकांना वाटलं, परग्रहावरचा कुणी देव असेल. झालं, तसंच दाखवलं गेलं. मी घरी उशीत तोंड खुपसून बसलो.

आणि लोक खूश! जो तो विचारतोय, कोण हे बुवा? निर्मातीणबाईंनी माझी पाठ थोपटली आणि गोड हसून सांगितलं, की शेवटच्या भागात बुवांची अख्खी गोष्ट हवी, नाहीतर संवादांना दुसरा माणूस बघू.

आत्या, लहानपणी मला वाटायचं, जगात काहीही बिघडलं तरी तुला विचारलं की झालं. अजूनही तसंच वाटतं.

तुझा लाडका,
लोळ्या

ता. क. बुवा काळ्या दरीपाशी पोचतात, त्यानंतर काय होतं? मला नेमकी तिथेच झोप लागायची. लगेच कळव.

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "पुढे काही नाहीच. दरीपाशी तू घोरायला लागलास की माझी बहीण उठून कामाला लागायची." हे खरं असेल तर उत्तर लिहू नकोस, तूच ये, गाडी पाठवतो. इथे आम्ही सहा लेखक दरीपाशी येऊन बसलोय आणि एकालाही झोप लागत नाहीये.