करवंदाची फांदी

बाबा, परवा मी पुन्हा त्या दोन वाटांपाशी जाऊन आले. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि त्या उन्हाळ्याला तर चाळीसच्या वर, म्हणजे कोणाला काही विचारावं असं त्या गोष्टीचं वय आता राहिलेलं नाही. तरी विचारायला बसले आहे. आणि विचारायचंय ते एकच. त्या दिवशी वाटेवरची फांदी मी हलवली होती, हे तुम्हाला माहीत होतं का? इतकी वर्षं मी धरून चालले होते की होतं. परवापासून मला काहीच कळेनासं झालंय. गोंधळ झाला की आधी कागदावर लिही, मग बोल, असं तुम्हीच सांगायचात, म्हणून हा कागद घेतलाय. पुढे बोलायचं कोणाशी, ते मात्र तुम्ही सांगून गेला नाहीत.

तुम्ही पनवेलच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर. वर्षभर त्या जाळीच्या खिडकीमागे बसून अख्ख्या तालुक्याला कुठली गाडी कुठे लागलीय ते सांगायचं, आणि मे महिन्यात पंधरा दिवस रजा टाकून आम्हाला गाढी नदीच्या खोऱ्यात घेऊन जायचं, हा तुमचा नेम. नेऱ्याच्या पुढे, माथेरानच्या डोंगराखाली, तुमच्या एका ड्रायव्हरचं घर होतं. त्यांच्या घराची पडवी आणि लगतची खोली पंधरा दिवस आपली. वर्गातल्या बाकीच्या मुली सुट्टीत मामाच्या गावाला जायच्या, मी ड्रायव्हरकाकांच्या गावाला जायचे, आणि जूनमध्ये ते सांगताना मला जरा लाजच वाटायची. पण तिथे गेल्यावर तुम्ही वेगळेच माणूस व्हायचात. खाकी जाऊन अर्धी चड्डी यायची, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर पंचा, आणि सकाळी उजाडायच्या आत चालायला सुरुवात. मे महिन्यातली नदी म्हणजे नुसते दगड आणि मधेमधे डोह. आपण एकेका डोहापर्यंत चालत जायचो. एक दिवस खालचा, एक दिवस वरचा, एक दिवस पार डोंगराच्या पायथ्याशी.

आपण म्हणजे तुम्ही आणि मी. आई मागून यायची. तिला भाकऱ्या भाजायच्या असायच्या, सुकट परतायची असायची, कैरीची चटणी वाटायची असायची. सहल तुमची आणि चूल तिची, हे त्या वयात मला अजिबात खटकत नसे. डबा बांधून ती तास-दीड तासाने निघायची, एकटी, आणि तिला वाट कळावी म्हणून तुम्ही खुणा ठेवत जायचात. जिथे वाट फुटेल तिथे करवंदाची एक डहाळी तोडायची आणि जायचं नाही त्या वाटेवर आडवी टाकायची. आडवी फांदी म्हणजे ती वाट बंद. त्या गावातली माणसंही तसंच करायची, तुम्ही त्यांच्याकडूनच शिकला होतात. करवंदच का, असं मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "काटे आहेत ना, म्हणून कोणी उगाच हात लावत नाही." आणि मग माझ्याकडे बघून हसलात, कारण ती तोडताना तुमच्याच बोटातून रक्त आलं होतं.

तो दिवस वरच्या डोहाचा होता. मी दहा वर्षांची. त्या दिवशी तुम्ही मला पोहायला शिकवणार होतात आणि आईला ते सांगायचं नाही असं आपलं ठरलं होतं. आईला पाण्याची भयंकर भीती. ती काठावर येऊन पोचली की ओरडून ओरडून मला बाहेर काढणार, हे नक्की होतं. वाट फुटली तिथे तुम्ही नेहमीप्रमाणे डाव्या वाटेवर फांदी टाकलीत आणि आपण उजवीकडे वळलो. शंभरेक पावलं गेल्यावर मी म्हटलं, बाबा, मागे ती करवंदं होती ना, ती मूठभर घेऊन येते. तुम्ही म्हणालात, ये पळत. मी पळत गेले, ती फांदी उचलली, उजव्या वाटेवर ठेवली आणि करवंदं न घेताच पळत परत आले. मला फक्त थोडा वेळ हवा होता. आई चुकेल, जराशी पुढे जाईल, बोटं मोडेल आणि परत फिरेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तेवढ्यात माझं पोहणं होऊन जाईल.

आणि झालंही. अजून आठवतं, तुमचा तळवा माझ्या पोटाखाली आहे, पाणी वरून कोमट आणि खालून गार आहे, तुम्ही म्हणताय पाय मार, पाय मार, आणि मग म्हणताय, "बघ, हात काढलाय मी." मी तरंगतेय. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय, आणि नेमका तोच मला धड आठवता येत नाही, कारण तो आठवला की लगेच पुढचं येतं. किती वेळ गेला कोण जाणे. ऊन चांगलं चढलं होतं. काठावर शेळ्या राखणारी एक बाई येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची बाय पडलीय तिकडं वहाळात. पाय उचलत नाय तिचा. डबा बी सांडलाय."

डावी वाट पुढे त्या कोरड्या वहाळात उतरते, गुळगुळीत कातळावरून. आई तिथून घसरली होती. घोट्याचं हाड मोडलं होतं आणि त्या उन्हात ती तास-दोन तास हाका मारत पडून होती. आपण पळत निघालो. तुम्ही पुढे, मी मागे. वाटा फुटतात ती जागा येईल म्हणून मी मान खाली घातली आणि फक्त तुमच्या टाचांकडे बघत पळाले, त्यामुळे फांदी तिथे होती का, तुम्ही ती पाहिलीत का, हे मला माहीत नाही. मला एवढंच आठवतं की आई तुम्हाला बघून रडली आणि म्हणाली, "अहो, वाट तरी नीट दाखवायची!" आणि तुम्ही तिथेच गुडघ्यावर बसलात आणि म्हणालात, "चुकलं माझं. फांदी चुकीच्या वाटेवर टाकली मी." माझ्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत.

आईला ड्रायव्हरकाकांच्या ओळखीच्या जीपमधून पनवेलला दवाखान्यात नेलं. परत आल्यावर संध्याकाळी तुम्ही मला मोरीपाशी बोलावलंत, माझे दोन्ही हात हातात घेतलेत आणि खोबरेल लावून माझ्या तळव्यांवरचा काळा पडलेला चीक पुसत बसलात. करवंदाची फांदी धरली की तो पांढरा चीक लागतोच.  मी तेव्हाच ठरवलं की तुम्हाला कळलंय. पण त्या पंधरा दिवसांत मी रोज करवंदं खात होते, चीक तर रोजच असायचा हाताला. मग त्याच दिवशी का पुसलात? इतर दिवशी आई पुसायची, आणि त्या दिवशी आई प्लॅस्टरमध्ये होती, हेही उत्तर आहेच म्हणा.

त्यानंतर आपण त्या खोऱ्यात कधी गेलो नाही. कॅनव्हासचे बूट तुम्ही देऊन टाकलेत. आईचा पाय जुळला, पण जरासा वाकडाच जुळला, आणि रोज संध्याकाळी ड्युटीवरून आलात की तुम्ही तिच्या घोट्याला तेल चोळायचात. पाहुणे आले की आईचं ठरलेलं वाक्य असायचं, "अख्ख्या तालुक्याला गाड्या दाखवल्या, पण बायकोला वाट दाखवता आली नाही!" सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. मी पंधरा-सोळा वर्षांची असताना एकदा लाडात येऊन मीही तेच बोलले, आई आत होती, तुम्ही पेपर वाचत होतात. तुम्ही पेपर खाली ठेवलात आणि म्हणालात, "तू तरी नको बोलूस." आवाज चढवला नाहीत. पुन्हा पेपर घेतलात.  त्या दिवशी माझी खात्रीच झाली की तुम्हाला सगळं माहीत आहे आणि तुम्ही ते माझ्यासाठी पोटात ठेवलं आहे. तेव्हापासून कोणी मला विचारलं असतं, की तुला कोणी जीव लावला होता का, तर मी मनातल्या मनात ती फांदी दाखवली असती.

आता परवाचं. माझी मुलगी म्हणाली, खारघरच्या फ्लॅटमध्ये उकडून मरण्यापेक्षा दोन दिवस कुठेतरी जाऊ, आणि तिने मोबाइलवर बघून जे फार्महाउस ठरवलं ते नेमकं त्याच खोऱ्यात निघालं. आईलाही घेतलं. ब्याऐंशीची आहे, काठी घेऊन चालते, पण गाडीत पुढच्याच सीटवर बसणार. ड्रायव्हरकाकांचं घर ओळखूसुद्धा आलं नाही. नदीच्या काठाने फार्महाउसं, त्यांच्या अंगणात निळ्या फरशीचे पोहण्याचे हौद, आणि पलीकडे नदी तशीच, नुसते दगड. पहाटे मी मुलीला उठवून चालायला नेलं. ती मोबाइलमध्ये बघत म्हणाली, "आई, मॅपवर इथे एकच रस्ता आहे. तुझं काहीतरी चुकतंय." पण होत्या, दोन्ही वाटा होत्या. डावीकडच्या वाटेला आता लोखंडी फाटक आहे. उजवी अजून तशीच, मातीची, पालापाचोळ्याची. मी करवंदाची एक डहाळी तोडली आणि ती हातात धरून उभी राहिले. कुठे टाकायची? मागून येणारं कोणी नव्हतंच. मुलगी म्हणाली, "बास ना आता, ऊन होतंय," आणि मी ती डहाळी घेऊनच परत आले.

आई व्हरांड्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून लोणच्यासाठी कच्ची करवंदं निवडत होती. मी तिच्यापाशी खाली बसले आणि सांगून टाकलं. आई, ती फांदी मी हलवली होती. बाबांनी नीट टाकली होती.

"कुठली फांदी?" आई म्हणाली.

"तू पडलीस त्या दिवशीची."

"अगं, फांदी नव्हतीच तिथे." तिने करवंदांवरचे हातही थांबवले नाहीत. "दोन्ही वाटा मोकळ्या. मी उभी राहिले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हटलं, आज हे विसरलेले दिसतायत. मग जिकडे सावली होती तिकडे गेले."

"मग जन्मभर बाबांना का बोलत राहिलीस?"

"तेच म्हणाले ना, चुकीच्या वाटेवर टाकली म्हणून! म्हटलं, असेल. विसरलो म्हणण्यापेक्षा चुकलो म्हणणं बरं वाटत असेल त्यांना."

"पण मी ठेवली होती, आई. मग गेली कुठे?"

"शेळ्या होत्या की तिथे. करवंदाचा पाला त्या सोडतायत होय? खाल्ला असेल. काटकी राहिली असेल एखादी, तशा तर शंभर असतात." मग तिने एक करवंद चाखून तोंड वाकडं केलं आणि मला म्हणाली, "मीठ आण जरा."

मी मीठ आणलं. बाबा, मला वाटलं होतं, हे कोणी कधी सांगितलं तर मला केवढं हलकं वाटेल. चाळीस वर्षांचं ओझं, आणि ते शेळीने खाल्लेलं! हसायलाच हवं होतं. पण मला आईचा राग आला, शेळ्यांचा आला, आणि मग मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. आईचं खरं कशावरून? त्याच सकाळी ती माझ्याशी भांडली होती की नदी पूर्वी घराच्या या बाजूला होती. की तिलाही सगळं माहीत आहे आणि तीही मला वाचवतेय, तुमच्यासारखीच? आणि तिचं खरं असेल, तर त्या दिवशी पळताना तुम्हीही मोकळी वाटच पाहिलीत. मग तुम्हाला खरंच वाटलं असेल की आपण कुठेतरी चुकलो, आणि पुढे इतकी वर्षं तुम्ही तेल चोळत राहिलात, हसत राहिलात, एका चुकीसाठी जी तुम्ही केलीच नव्हती. "तू तरी नको बोलूस," हे मग एका दुखावलेल्या माणसाचं साधं बोलणं होतं. माझ्यासाठी तुम्ही काही पोटात ठेवलं नव्हतंत, कारण ठेवायला तुमच्याजवळ काही नव्हतंच. मग मी इतकी वर्षं जे जपलं ते काय होतं?

हा कागद मी कुठे पाठवणार? आईच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवून देईन. परवाचा चीक अजून तळव्याला आहे, काळा पडलाय. घरात खोबरेल आहे, पण लावलं नाही. एक कबूल करते. फांदी मी हलवली नसती तर बरं झालं असतं, असं मला आता वाटत नाही. मी ती हलवली होती आणि तुम्हाला ते माहीत होतं, एवढंच मला हवंय. तसं नसेल, तर सांगू नका.