गुटीच्या डबीतली गोळी

अहो,

बसूला घेऊन सरकारी दवाखान्यात चाललेय. शाळेत शिकवून आले तर तो पाळण्यात निपचित पडलेला. कमलनं चिमटा काढला तरी रडला नाही. शिमग्यापासून तुमच्या अक्का सांगताहेत, "ऊन वाढलंय, झोपू दे की लेकराला." आज गुटीच्या डबीत काळी, कडू गोळी सापडली. "अक्का, ही कसली गोळी?" एवढंच मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मी कशाला अफू देऊ गं भावाच्या पोराला?"

अफूचं नाव मी काढलंच नव्हतं.

गोळी डॉक्टरांना दाखवायला घेतलीय. मिलमधून आल्यावर अक्कांशी भांडत बसू नका, लगेच तिकडं या. कमलला बरोबर नेतेय. घरात पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवू?

रत्ना