उडता करकोचा दिसेपर्यंत

१ मार्च, शनिवार

पळायचं ठरलं! म्हणजे ठरलं कसलं — माझ्या जिभेला हाड नाही, त्याची ही शिक्षा.

सकाळी स्तामेनच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. दरवर्षी पहिल्या मार्चला बांधते, मार्च महिन्याची लहरी आजी मार्ता येते म्हणून. यंदा बाजारातून आणला नाही. उसवलेल्या स्वेटरची डाळिंबी लोकर पडून होती, तिच्यात पांढरा धागा पिळून दोन दोरे केले. एक नवऱ्याला, एक मला. पहिला करकोचा दिसला की दोरा सोडायचा आणि फुललेल्या झाडाला बांधायचा. बांधता बांधता म्हटलं, "आजी मार्ता आली. आता तरी खाली चल. नुसतं फाटकापर्यंत."

"खाली काय ठेवलंय?"

नोव्हेंबरात हृदयाचा झटका आला, तेव्हापासून हा माणूस तिसऱ्या मजल्यावरून उतरलेला नाही. चार महिने! एकतीस वर्षं गावची बस चालवली, आणि आता खिडकीतल्या खुर्चीत बसून खालून जाणाऱ्या बसच्या वेळा तपासतो. डॉक्टरीणबाई स्पष्टच म्हणाल्या, "गोळ्या मी देते. जिने त्यांनाच उतरावे लागतील." लिफ्ट नाही. उतरलं की चढणं आलं, आणि चढताना पुन्हा तसंच झालं तर? त्याला ती भीती आहे. बोलत नाही, पण मला कळतं. मलाही भीती वाटते — हा त्या खुर्चीतच संपून जाईल याची.

तर मी चिडून म्हटलं, "मी त्रेसष्ट वर्षांची, माझे गुडघे कुरकुरतात. तरी मी रोज पळते, तू नुसता चालून दाखव!"

"पळ की! शाळेत आठशे मीटरला कप मारला होतास ना? रोज पुलापर्यंत पळायचं. पहिला करकोचा दिसला की मी खाली येतो." मग हळूच — "उडताना दिसला पाहिजे हां. उभा चालणार नाही."

उभा दिसला की वर्ष आळसात जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी हो म्हणून बसले. तीन दिवसांत थकेन असा हिशेब आहे त्याचा. ओळखून आहे मी!

कप शोधला. त्यात कपड्यांचे चिमटे ठेवलेत.

२ मार्च

पूल खरं तर घरामागच्या गॅरेजांच्या बोळातून दहा मिनिटांवर. पण नाही! ड्रायव्हरसाहेबांची अट — रस्त्याने, शाळेला वळसा घालून. दोन किलोमीटर जायचं, दोन यायचं.

सकाळी सातला निघाले. शाळेच्या कोपऱ्यापर्यंत पळाले. कोपऱ्यावर मेले.

पण देव आहे! कोपरा वळलं की आमच्या बाल्कनीतून काही दिसत नाही. आणि कोपरा वळलं की लगेच गिनाची बेकरी. गिनाने मला पाहून हातातलं पीठ टाकलं. "नेदा! अगं कोण लागलंय मागे?"

"नवरा."

"तो? त्याला तर तिसरा मजला उतरवत नाही!"

तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, पापुद्र्यांची गरम बनित्सा दिली. चीज असं वितळलेलं की काय सांगू. पाऊण तासाने नळावर तोंड भिजवलं आणि घामाघूम होऊन घरी आले.

"पुलापर्यंत?"

"पुलापर्यंत."

"अठ्ठावन्न मिनिटं," घड्याळ बघत म्हणाला. "बस सात मिनिटांत जाते."

५ मार्च

बसता येतं. उठता येत नाही.

८ मार्च

बायकांचा सण. परत आले तर टेबलावर ग्लासात निळ्या फुलांचा तुरा! "खालच्या राद्काला सांगून आणवला," म्हणाला. लाजला होता की काय, गाल लाल. बेचाळीस वर्षांत एकदाही फूल चुकवलं नाही या माणसाने. स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले आणि कांदा चिरतेय असं दाखवलं.

आणि मी त्याला रोज पुलाचं खोटं सांगते. शी!

११ मार्च

राद्काआजी जिन्यात भेटल्या. फुलांबद्दल आभार मानले तर म्हणतात, "कसली फुलं?" विसरतात हल्ली. वर सांगतात, सकाळी सातला जिन्यात कोणीतरी आकडे मोजतं. "अकरा, बारा, तेरा... मग थांबतं, मग धापा टाकतं!" बिचारीला आवाजही ऐकू यायला लागलेत. मुलाला फोन करून सांगायला हवं.

१४ मार्च

आज न थांबता! बेकरीपर्यंतच, पण एकदाही न थांबता! श्वास लागला पण फुटला नाही, पाय आपोआप पडत होते. शाळेच्या भिंतीजवळ तर मी सोळा वर्षांची होते. खरं सांगते, पळणं मला आवडायचं हे मी विसरूनच गेले होते.

संध्याकाळी वजन केलं. दीड किलो वाढलंय.

१७ मार्च

आजी मार्ताचं डोकं फिरलं. काल ऊन, आज बर्फ. दोनदा घसरले. गिना म्हणाली, "घरी बस गं बाई, करकोचेसुद्धा स्वेटर घालून येतील." पण गेले. म्हणजे तिच्याकडेच गेले, पण गेले.

परत आले तर स्तामेन खुर्चीत, पांढराफटक, कपाळावर घाम, हात छातीवर. "काय झालं? अँब्युलन्स बोलावू?"

"काही नाही. बाल्कनीत उभा होतो. दम लागला."

नुसतं उभं राहून दम! न्हाणीघरात नळ सोडून रडले. करकोच्या, ये रे बाबा लवकर. उडत ये, लंगडत ये, कसाही ये. तो खाली आला नाही तर पुढच्या मार्चला मी एकच दोरा पिळत बसेन.

२० मार्च, गुरुवार

आला!!

शाळेच्या फुटबॉल मैदानात. ऐन मध्यभागी, चिखलात, लाल पायांवर — उभा.

उभा! मेल्याला तीन हजार मैल उडत यायला जमलं आणि माझ्यासमोर उडायला जमेना. आधी हळूच "हुश" म्हटलं. मग टाळ्या वाजवल्या. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, आमच्या विहीणबाई पाहतात तसं, आणि एक पाऊल बाजूला सरकला. मग मी पदर खोचल्यासारखं जाकीट कमरेला बांधलं आणि धावले त्याच्या अंगावर! शपथेवर सांगते, कपाच्या वेळीही एवढी धावले नव्हते. तो पुढे, चालत. मी मागे, पळत. मैदानाला दोन फेऱ्या!

शाळेचा शिपाई ओरडत आला, "अहो बाई, काय बिघडवलंय त्याने तुमचं?"

"त्याला उडवायचंय!"

"त्याला विचारलंत का?"

मुलं खिडक्यांत जमली. एक जण माझ्या नावाने शिट्ट्या मारत होता. शेवटी चिखलात आपटले आणि घरची वाट धरली. जिना चढताना ठरवलं होतं — सांगून टाकायचं, उडताना पाहिला. कोण बघायला आलंय?

स्तामेन बाल्कनीच्या दारातच होता. "काय गं? हा काय अवतार?"

"करकोचा दिसला."

"उडताना?"

तोंड उघडलं. पुलाचं खोटं अठरा दिवस सुरळीत निघालं, पण हे निघेना. पहिल्या करकोच्याबद्दल खोटं बोललं की ज्याच्यासाठी बोललं त्याच्यावर येतं, असं माझी आई म्हणायची. त्याच्यावर काही यायला नको.

"उभा होता," म्हटलं.

त्याचा चेहरा कसातरीच झाला. बोलायला गेला, खोकला आणि बाही खाली ओढली. "मग नाही चालणार," म्हणाला. "पळत राहा."

संताप आला. चिखलाचे मोजे त्याच्या समोरच पिळले.

२२ मार्च

पळाले. बोलायचा मूड नाही.

२४ मार्च

जेवताना स्तामेन सहज म्हणाला, "पुलाजवळचं आलुबुखाराचं झाड फुललं का गं?"

"हो तर! मस्त फुललंय."

"कसल्या रंगाचं?"

"पांढरं." आलुबुखार पांढरंच फुलतं, मी काय खुळी आहे?

"आणि खाली बाक ठेवलाय नवीन, तो पाहिलास?"

"रोज बसते ना त्यावर दोन मिनिटं!"

तो सूपमध्ये वाकला. खांदे हलत होते. ठसका लागला असेल म्हणून मी पाठीवर थापट्या मारल्या. चांगली भूक लागते हल्ली त्याला, दोन वाट्या सूप प्यायला.

पण मी माझी वाटी बाजूला सारली. तो बिचारा झाड आणि बाक मनात आणून बसतो, आणि मी त्याला बेकरीतून पूल दाखवते! उद्या चर्चचा सण, मासा तळायचा. सणाच्या दिवशी खोटं नको. उद्या पुलापर्यंत. मेले तरी चालेल.

२५ मार्च, मंगळवार

गिनाच्या दारावरून थेट पुढे! तिने हाका मारल्या, मी हात हलवला. दोन किलोमीटर, एकदाही न थांबता.

झाड पांढरंच फुललंय. खालच्या फांदीला डाळिंबी लोकरीचा दोरा, मासे धरायच्या गळाला स्तामेन मारतो तसली गाठ. बाक बिक काही नाही. पुलाच्या कठड्यावर स्तामेन बसला होता, डोक्यावर ड्रायव्हरची जुनी टोपी, मनगट उघडं.

"गुरुवारी तू हाकललेला करकोचा बाल्कनीवरूनच गेला," तो म्हणाला. "उडत."

मग घड्याळ पाहिलं.

"शुक्रवारपासून थांबलोय इथे. चार दिवस उशीर झाला, बाई, तुझ्या बसला."