हिल्लाची जागा

१७ जुलै
दुकानात शेजारच्या आउनेने विचारलंच, हिल्ला पिकली का गं तुमच्याकडे? म्हटलं, छे, जूनच्या गारठ्याने मोहोरच गेला. धडधडीत खोटं! पण दलदलीतल्या त्या नारिंगी फळाची जागा इथे कुणी सख्ख्या भावालाही सांगत नाही. आमची जागा बाबांनी मी नऊ वर्षांची असताना मला एकटीला दाखवली. माझ्या भावाला, वेइक्कोला नाही — त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून.

उद्या जाते. वृद्धाश्रमात आई आता काहीच खात नाही. परवा मात्र म्हणाली, "हिल्ला आण."

१८ जुलै
जागा नाही!

एक झाड उभं नाही. बुंधे, फांद्यांचे ढीग, यंत्राच्या चाकांनी पडलेल्या चरांत तपकिरी पाणी, वर तेलाचा तवंग. झरा होता तिथे चिखल. डास तेवढे शाबूत.

गेल्या हिवाळ्यात तोड होणार हे माहीत होतं. रान आम्हा दोघांचं, व्यवहार सगळा वेइक्को बघतो. पण तोडतील ती वरची टेकडी, असं मी धरून चाललेले.

१९ जुलै
वेइक्कोकडे गेले. त्याने कॉफी ओतली. पाठीमागे भिंतीवर नगरपालिकेचं कॅलेंडर — धुक्यातलं तळं, खाली ‘आम्ही रानाची माणसं’. शिसारी आली.

मी बोलले, भरपूर बोलले. त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तिथे हिल्ला होती? मला कधी कुणी सांगितलं?"

आणि वर विचारतो, सौना तापवलाय, वाफेला बसतेस का. उठून आले.

२१ जुलै
रान म्हणजे आमचं चर्च म्हणे! पाहुण्यांना फोटो दाखवायचे, डोळे ओले करायचे, आणि हिवाळ्यात यंत्र बोलवायचं. किळस येते मला आपल्या लोकांची.

बाबा आणि मी तिथे तासन्‌तास गप्प असायचो. आमचं बोलणं ते तेवढंच. मी फिनलंडची आहे म्हणजे काय, असं कुणी विचारलं, तर मला ते ओलं शेवाळ आठवतं, गुडघ्याखालचं. दुसरं काही नाही. ते वेइक्कोने विकलं.

२३ जुलै
बाजारातून हिल्ला घेतली, आईला भरवली. तिने एक फळ तोंडात घोळवलं आणि तळहातावर थुंकलं. "ही आपली नाहीत." जागा तर तिलाही कधी माहीत नव्हती.

२६ जुलै
वेइक्कोचं पाकीट आलं. चिठ्ठी नाही. आत गेल्या शरद ऋतूतला अर्ज, तोडीआधी दोघा मालकांकडून वेगवेगळा भरून घेतलेला. त्यातला माझा.

‘राखून ठेवण्यासारखी जागा — झरा, दलदल, इतर?’

‘काहीही नाही.’ अक्षर माझं. खाली दोन रेघा मारल्यात. मारताना किती हुशार वाटलं होतं!