सतराशे पन्नास कॅलरी

३ मार्च, सोमवार
८२.४. पुन्हा घसरलं! एके काळी एकशे एकतीस किलोंचा मी — वजन उतरतंय म्हणून रडकुंडीला येईन, असं कुणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

जठर कापून लहान केलं त्याला दीड वर्ष झालं. केलं ते ताईसाठी. तिच्या दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मृतांकडून मिळणाऱ्या किडनीच्या यादीत नाव आहे, पण यादी मारुतीच्या शेपटीएवढी. माझी किडनी तिला जुळते, पण एकशे एकतीस किलोंच्या माणसाची ती काढत नाहीत. डॉक्टरांची आता एकच अट — तीन महिने वजन एका जागी. किलोभर इकडेतिकडे, बस.

आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "तेराशेवर आहात ना? दर आठवड्याला शंभर कॅलरी वाढवा. काटा थांबेल तो तुमचा आकडा."
"आणि थांबलाच नाही तर?"
"थांबतो हो. प्रत्येकाचा असतो."
माझा? मला जन्मात कधी थांबता आलंय?

४ मार्च
चौदाशे. म्हणजे एक अंडं आणि चार शेंगदाणे जास्त. ते चार शेंगदाणे खाण्याआधी दोनदा मोजले!

१७ मार्च
८१.९. आजपासून सोळाशे. खाणं वाढतंय, वजन उतरतंय. ताईचा चेहरा काळवंडत चाललाय.

२४ मार्च
लबाडी केली. आज हॉस्पिटलात वजन होतं. माझ्या किल्ल्या बनवायच्या दुकानातला जड जुडगा खिशात ठेवून काट्यावर चढलो. ८२.५! बाईंनी लिहूनही घेतलं.

मग ताईकडे गेलो, डायलिसिस चालू होतं. तिच्यापाशी माझं काही लपत नाही. इतकी हसली की मशीन ओरडायला लागलं. "जन्मभर चपला काढून, श्वास रोखून काट्यावर चढलास, आणि आता किल्ल्या घेऊन?" मग हसू आवरून म्हणाली, "उद्या जाऊन खरं सांग. खोट्या वजनाची किडनी नको मला."

२५ मार्च
सांगितलं. बाईंनी आकडा खोडून ८१.७ लिहिला. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या आधी एक बाई पर्समध्ये इस्त्री घेऊन आल्या होत्या."

७ एप्रिल
सतराशेवर दोन आठवडे काढले. ८१.४. बाई म्हणाल्या, अजून पन्नास. अर्धं केळं.

२८ एप्रिल
८१.४! सलग चौथा सोमवार!

केवढं नवल आहे हे! कानशीचा एक हात जास्त पडला की किल्ली वाया जाते, हे मला लहानपणापासून ठाऊक. पण माझ्या आत कुणी इतकं बारीक काम करत असेल? सतराशे पन्नास आत जातात. त्यात श्वास, रक्त, नखं, दिवसभर चालणारे हात, स्वप्नंसुद्धा — सगळं भागतं. काही उरत नाही, काही कमी पडत नाही. आणि हे सगळं मला न विचारता! या देहाला मी शेहेचाळीस वर्षं शिव्या घातल्या.

दुपारी जेवताना एका घासाला हात आपोआप थांबला. भूक संपली होती. ती संपते, हे मला माहीतच नव्हतं. बायको म्हणाली, "काय झालं? आवडलं नाही का?" माझे डोळे वाहत होते. ती बिचारी मीठ चाखून बघायला लागली.

९ जून
८१.५. ताईला फोनवर आकडा सांगितला. "शाब्बास," म्हणाली. आवाज फार थकलेला.

७ जुलै
तीन महिने पूर्ण. ८१.४. डॉक्टरांनी सही केली! ऑपरेशन एकवीस तारखेला. देवासारखा उभा होता तो काटा. मी खरंच त्याला हात जोडले.

१२ जुलै
ताईला किडनी मिळाली. माझी नव्हे. काल सकाळी यादीतून तिचा नंबर लागला — कुणी अनोळखी माणूस गेला, जाताना देऊन गेला. आज ताई शुद्धीवर आली. मला आत सोडलं नाही. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "विचारतायत, जेवलास का?"
घरी आलो. आता कुणासाठी मोजायचं, कळेना. ताट वाढून घेतलं. मग अर्धं केळं कापलं, आणि स्वतःसाठी जेवलो.